खापर पालथे का ठेवतात?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या बाजारांत कुंभारांच्या मांडणीसमोर गर्दी होते. पूजेची घागर नवी लागते, पाण्याचा माठ नवा लागतो आणि ज्या घरात मांडे व्हायचे असतात तिथे खापर काढून, धुऊन, तडा गेलेला नाही ना हे वाजवून पाहिले जाते. खापर म्हणजे रुंद तोंडाचे, गोल बुडाचे, मातीचे मोठे भांडे. ते चुलीवर पालथे घालायचे आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर मांडा, म्हणजे आपली खानदेशी पुरणपोळी, टाकायचा. मांड्याला पोळपाट-लाटणे लागत नाही. पुरण भरलेला उंडा बाई दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत वाढवत नेते आणि पातळ झालेला तो पदर एका झटक्यात खापरावर पसरते. बाहेरगावचा माणूस हे पाहताना बाईच्या हातांकडे पाहत राहतो आणि ते स्वाभाविकच आहे. पण तिच्या हातांइतकेच खापरही पाहण्यासारखे आहे.

सपाट तव्यावर एवढा मोठा आणि एवढा पातळ पदर टाकला, तर त्याला सुरकुत्या पडतील. घुमटासारख्या पाठीवर मात्र तो मध्यभागी टेकतो आणि त्याच्या कडा स्वतःच्याच वजनाने खाली ओढल्या जातात. पदर आपोआप ताणून बसतो. शिवाय जागाही वाढते : पूर्ण अर्धगोलाची पाठ त्याच व्यासाच्या सपाट वर्तुळाच्या दुप्पट भरते. खापर पूर्ण अर्धगोल नसते, त्यामुळे फायदा दुपटीपेक्षा कमी, पण मिळतो नक्की. खाली तोंड असल्यामुळे जाळ आत कोंडला जातो आणि घुमट सगळीकडून तापतो. राहिला प्रश्न मातीचा. लोखंड आपल्यातली उष्णता भराभर सोडते. तितकीच तापलेली माती ती सावकाश सोडते. पुरणात गूळ आहे आणि गूळ करपायला क्षणभर पुरतो. मातीच्या या संथपणामुळे पापुद्रा भाजून होतो आणि आतला गूळ कडवट होत नाही. म्हणजे खापराचा आकार पिठासाठी आहे आणि त्याची माती गुळासाठी.

घरातल्या वस्तूकडे अशा नजरेने पाहण्याची सवय आपल्याला कुणी लावत नाही. शाळेत चित्रकला शिकवतात, इतिहासात लेणी शिकवतात. पण ज्या वस्तू रोज हाताळायच्या त्या चांगल्या कशावरून, हे कुणी सांगत नाही. चांगल्या रचनेची वस्तू म्हणजे महाग, परदेशी किंवा नक्षीदार वस्तू, असे मग मनात बसते. माझे मत याच्या उलट आहे. कुठली अडचण होती, ती या वस्तूने कशी सोडवली आणि सोडवताना नवा त्रास कुणाच्या माथी मारला, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या वस्तूकडे स्वच्छ असतात, ती चांगली वस्तू.

हे प्रश्न विचारण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न आपल्याच देशात झाला. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले, देशभर हिंडले आणि 1958 मध्ये त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत सुंदर वाटली ती साधी लोटी, आपला तांब्या. त्यांनी तिची स्तुती करून विषय सोडला नाही. पाणी किती मावावे, भरल्यावर तोल कुठे जातो, कमरेवर कशी बसते, डोक्यावर कशी राहते, ओतताना धार कशी पडते, हात आत घालून घासता येते का, धातू पुन्हा मोडीत काढता येतो का, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. कुणा एका माणसाने ही वस्तू रचली नसणार, पिढ्यांनी ती घडवली, हे त्यांचे म्हणणे होते. याच अहवालातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली. तांब्याचा गळा बोटांच्या पकडीत बसतो, बाहेर वळलेली कड ओल्या हातातूनही निसटू देत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतेच. ईम्स दांपत्याने ते प्रश्नांच्या रूपात मांडले, आणि मांडल्यामुळे ते शिकवता येऊ लागले.

खानदेशात असे प्रश्न विचारायला सर्वांत योग्य जागा मला जुन्या जळगावातला चौधरी वाडा वाटतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी (1880–1951) इथे नांदल्या. त्यांचे हे घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे आणि संसारातल्या, शेतीतल्या साध्या वस्तू तिथे पाहायला मिळतात. बहिणाबाई आसोद्याच्या लेक. लिहिता-वाचता येत नव्हते, पण घरोटावर, आखजीवर, सुगरणीच्या खोप्यावर त्यांनी जे रचले ते मुलाने, सोपानदेवांनी, जपले आणि आईच्या निधनानंतर, 1952 मध्ये, ते पुस्तकरूपाने आले. त्यांच्या कवितेत वस्तू शोभेला येत नाहीत. त्या काम करताना येतात, म्हणून खऱ्या वाटतात.

त्यातले घरोट, म्हणजे जाते, हे जरा थांबून समजून घेण्यासारखे यंत्र आहे. काळ्या पाषाणाच्या दोन तळ्या. खालची स्थिर, तिच्या मधोमध एक खीळ. वरची त्या खिळीवर फिरणारी, तिच्या मधल्या तोंडातून धान्याचा घास पडतो. हाताचा खुंटा वरच्या तळीच्या अगदी कडेला ठोकलेला असतो, कारण मध्यापासून जितके लांब धरून ढकलाल तितका जोर कमी लागतो. घास मध्यात पडतो, फिरणाऱ्या दगडाखाली चिरडत कडेकडे सरकतो आणि पीठ होऊनच चारी बाजूंनी बाहेर येते. पीठ बाहेर काढायला वेगळी युक्ती करावी लागत नाही. दळणे आणि बाहेर काढणे ही एकच क्रिया. खिळीची उंची किंचित वाढवली की दोन तळ्यांत फट राहते आणि तेच जाते डाळ भरडू लागते. हरभऱ्याच्या भरड्यापासून ज्वारीच्या मऊ पिठापर्यंत एकच यंत्र पुरते.

दगड झिजून गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागते : छिन्नीने पुन्हा बारीक खड्डे पाडायचे, की जाते पुन्हा नव्यासारखे धरते. दुरुस्तीसाठी सुटा भाग मागवावा लागत नाही. दगडातच पुढच्या पिढीची धार शिल्लक असते. दोन बायका समोरासमोर बसून एकच खुंटा ओढू शकतात, हेही रचनेतच आले. दोघींच्या मध्ये दगड आहे म्हणून ओवी आली की ओवी येते म्हणून श्रम सुसह्य झाले, हे वेगळे काढता येत नाही.

आणि तरीही गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी घरोट सोडले, ते अगदी योग्य केले. पहाटे उठून घरादाराचे दळण काढणे हे शरीर मोडणारे काम होते. चांगल्या वस्तूचे कौतुक करताना तिच्यामागच्या श्रमांना सोनेरी रंग देणाऱ्या लेखनाचा मला राग येतो. यंत्र उत्तम होते, पण ते ज्या शरीरावर चालत होते त्या शरीराला विश्रांती हवी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चुलीचेही तसेच आहे. वैलाची चूल ही उष्णता वाया न घालवणारी रचना आहे. पुढच्या तोंडावर भाकरीचा तवा, त्याच्या खालून निसटलेला जाळ मातीच्या बोगद्यातून मागच्या वैलाकडे जातो आणि तिथे ठेवलेले वरण किंवा दूध फुकटात शिजते, गरम राहते. कपाशीच्या काड्यांसारखे हलके, भर्रकन पेटून विझणारे जळण असेल, तर अशी मागची जागा फारच उपयोगी. पण या चुलीने धूर कुठे सोडला? स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीत. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे वाईट येते. इंधनाच्या हिशेबात चूल हुशार, माणसाच्या हिशेबात अपुरी. पाणी तापवायचा तांब्याचा बंब तिच्यापेक्षा सरस म्हणायला हवा, कारण त्यात मधून जाणारी नळी धूर वर नेते आणि जाताजाता भोवतालच्या पाण्याला तापवते. धुराचीही उष्णता वसूल करून मगच त्याला बाहेर सोडायचे, ही कल्पना आगगाडीच्या वाफेच्या इंजिनातही होती. फक्त इंजिनात अशा नळ्या पुष्कळ असत आणि बंबात एक.

आता माठ. खानदेशात मे महिन्यात पारा 43–44 अंशांवर सहज जातो, भुसावळ-जळगावकडे त्याच्याही वर. अशा दुपारी माठातले पाणी गार कसे राहते, हे सगळ्यांना ढोबळ माहीत असते : पाझरते आणि वाळते. पण आकडे पाहिले की माठाबद्दलचा आदर वाढतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेते. 10 लिटर पाणी 10 अंशांनी गार करायला 420 किलोज्यूल पुरतात. म्हणजे बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरले, तर फक्त 175 मिलिलिटर, एका फुलपात्राएवढे, पाणी हवेत गेले की काम झाले. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येतच राहते, म्हणून माठ दिवसभर पाझरत राहावा लागतो आणि सावलीत, पण वाऱ्यावर ठेवावा लागतो. बंद कपाटाशेजारी कोपऱ्यात ठेवलेला माठ अर्धे काम करतो.

याहून महत्त्वाची गोष्ट हवेच्या कोरडेपणाची. ओल्या पृष्ठभागाला हवा किती गार करू शकेल याला एक मर्यादा असते आणि ती हवेतल्या बाष्पावर ठरते. 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता, ही खानदेशातली कडक दुपार. इथे ती मर्यादा साधारण 22–23 अंशांवर येते. मुंबईत 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असेल, तर ती 28 अंशांवरच अडते. म्हणजे बाहेर अधिक उन्हाळा असूनही जळगावचा माठ मुंबईच्या माठापेक्षा गार पाणी देऊ शकतो. माठ हा कोरड्या मुलखाचा आहे. त्याची रचना समजून घ्यायची तर त्याच्याभोवतीची हवाही त्यात धरावी लागते.

माठ दरवर्षी नवा का, याचेही उत्तर यातच आहे. पाणी भिंतीतून बाहेर येऊन वाळते, तेव्हा त्यातले क्षार मात्र भिंतीतच राहतात. आपल्या भागात बोअरचे पाणी जड. वर्षभरात छिद्रे बुजत जातात आणि माठ पाझरायचा थांबतो. वरून दिसायला तो धडधाकट असतो, पण गार करत नाही. आखाजीला नवी घागर पुजायची, तिच्यावर डांगर-आंबा ठेवायचा, पितरांना पाणी द्यायचे, हा विधी नेमका त्या दिवसांत येतो जेव्हा घराला नव्या मातीची खरी गरज असते. श्रद्धा आधी की गरज आधी, हे ठरवण्याची मला घाई नाही. दोघींनी मिळून कुंभाराचे एक वर्षाचे काम नक्की केले, हे उघड आहे.

भरीत म्हटले की जळगावकर हळवा होतो, तेव्हा त्याबद्दल थोडक्यात. हिरवी-पांढरट, मांसल वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. बडगी लाकडाची का? दगडी खलात गर चिरडून एकजीव होतो, मिक्सरमध्ये तर बियाही फुटतात आणि लगदा हाती येतो. लाकूड दाबते, कापत नाही. गराचे तंतू सुटे होतात, तुटत नाहीत, आणि मिरची-लसणाचा ठेचा त्या तंतूंमध्ये शिरतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. पण भरिताची अर्धी चव ज्या भांड्यात तयार होते त्या बडगीलाही कुणीतरी मान द्यायला हवा.

रोजच्या वापरातल्या वस्तूंचा मोठा मान एकदा खानदेशने केला होता. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला भरले. शहर सोडून खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह असा की, उभारणी गावात मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांकडून व्हावी. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना त्यांनी बोलावून घेतले. आपण चित्रकार, बांधकाम आपले काम नव्हे, असा संकोच बोसांना वाटत होता. तरी ते आले आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांच्या जोडीने बांबू, तट्टे, गवत अशा साध्या साहित्यातून अधिवेशनाचे टिळकनगर उभे राहिले. खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडले. लाखो लोकांनी आपल्याच गोठ्यात-घरात असणारे साहित्य तिथे नव्या नजरेने पाहिले असेल. या घटनेकडे आपण राजकारणाचा इतिहास म्हणून पाहतो. रचनेच्या इतिहासातही तिची जागा वरची आहे.

गांधीजींची ही दृष्टी त्याआधीच्या एका जाहिरातीत आणखी स्पष्ट दिसते. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा : चरखा खेड्यातल्या साध्या झोपडीत चालला पाहिजे, उचलून नेता आला पाहिजे, बाईला फार न थकता सलग आठ तास चालवता आला पाहिजे, किंमत 150 रुपयांच्या वर जाऊ नये आणि तो वीस वर्षे टिकावा. वस्तू रचणाऱ्याला इतक्या नेमक्या शब्दांत काम सांगणे आजही थोड्यांना जमते. त्यात वापरणारीचे शरीर आहे, तिचे घर आहे, तिची ऐपत आहे आणि वस्तूचे म्हातारपणही आहे. ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळाले नाही. जळगावच्या जैन हिल्सवर 2012 मध्ये सुरू झालेल्या गांधीतीर्थ या संग्रहालयाला भेट देणाऱ्यांनी तिथे चरखा पाहताना या अटी मनात ठेवून पाहाव्यात.

जुन्याचीच बाजू मांडतो आहे असे वाटू नये, म्हणून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मिसळणाच्या डब्याकडे येतो. एका वाटीभोवती तेवढ्याच आकाराच्या सहा वाट्या ठेवल्या, तर त्या एकमेकींना आणि मधलीला बरोबर टेकतात, ना फट राहते ना दाटी होते. हा भूमितीचा नियम आहे. पाच ठेवल्या तर सैल होतात, सात बसत नाहीत. बाहेरच्या डब्याचा व्यास एका वाटीच्या तिप्पट ठेवला की झाले. त्यामुळे डबा हलवला तरी हळद मोहरीत सांडत नाही, कारण एकही वाटी जागची सरकू शकत नाही. फोडणीच्या घाईत एका हातात पळी असताना दुसऱ्या हाताला सगळे काही एकाच झाकणाखाली सापडते.

आणि जळगावची चटई. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे अनेक कारखाने आहेत आणि इथली चटई देशभर व परदेशातही जाते. यातल्या बऱ्याच चटया वापरून झालेले प्लॅस्टिक पुन्हा वितळवून केल्या जातात. विणीतली काडी बारकाईने पाहा : ती भरीव नसून पोकळ असते. पोकळ काडीला माल कमी लागतो, म्हणून चटई हलकी आणि स्वस्त. दाबली की ती किंचित चपटी होते, म्हणून गार फरशीवर बसताना मऊ लागते. आत हवा कोंडलेली, म्हणून फरशीचा गारवा वर येत नाही. पाणी पडले तर झटकायची, धुतली तर तासाभरात वाळते, गुंडाळली की दाराआड उभी राहते. लग्नाच्या मांडवात, मशिदीत, कीर्तनात, शेतात जेवायला बसताना, एकाच खोलीच्या घरात रात्री अंथरायला, सगळीकडे तीच. माझ्या मते खानदेशने अलीकडच्या काळात जगाला दिलेली ही सर्वांत लोकशाही वस्तू आहे.

तिच्यात दोन उणिवा आहेत. ऊन खाऊन काडी ठिसूळ होते आणि मग तिचे बारीक तुकडे मातीत मिसळतात. आणि सर्वांत आधी उसवते ती कडेची शिवण. चटईचे अंग चार वर्षे टिकण्यासारखे असताना कड वर्षात जाते आणि सगळी चटई टाकून दिली जाते. जाते पुन्हा टाकी लावून चालते झाले, बाजेची पायथ्याकडची दोरी ओढली की सैल पडलेली विण पुन्हा ताठ होते. चटईला असा दुरुस्तीचा दरवाजा अजून ठेवलेला नाही. कड वेगळी बदलता येईल अशी शिवली, उन्हात टिकणारे मिश्रण थोडे अधिक घातले, तर किंमत फार वाढणार नाही. अभियांत्रिकी शिकणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो, हा घ्यावा.

दुसरा विषयही देऊन ठेवतो. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात 1926 च्या शेवटच्या दिवशी गेले आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद तिथल्या संशोधन मंडळाने जपले. पुण्यात दिनकर केळकरांनी असेच दिवे, अडकित्ते, वज्र्या आणि भांडी जमवली, म्हणून आज ती पाहता येतात. खानदेशातल्या वस्तूंसाठी हे काम गावोगाव व्हायला हवे आणि ते नुसते वस्तू कपाटात ठेवून भागणारे नाही. खापराचा व्यास, त्याची जाडी, मातीत वाळू की राख की लीद मिसळली, किती वेळ भाजले. बडगीला कुठले लाकूड घेतले आणि ते का. घरोटाला टाकी लावणाऱ्याने घाव कुठल्या दिशेने घातले. ही उत्तरे आज काही हातांना माहीत आहेत. त्या हातांची नावे वस्तूच्या शेजारी लिहिली गेली पाहिजेत, आणि मापे इतकी नेमकी, की त्यावरून दुसऱ्या कुंभाराला तेच खापर पुन्हा घडवता यावे.